आजी मधोमध का उभी राहू नये?

एका महाविद्यालयाच्या वार्षिक छायाचित्र-प्रदर्शनातला प्रसंग आहे. मराठी साहित्य घेऊन द्वितीय वर्षात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने आपल्या आजीचे छायाचित्र तेथे लावले होते. आजी खोलीच्या दारात उभी, अगदी मधोमध. हात खाली सोडलेले, पदर डोक्यावरून नीट घेतलेला, नजर थेट कॅमेऱ्यात. दाराच्या दोन्ही बाह्या तिच्या दोन्ही अंगांना सारख्याच अंतरावर. मागे खोलीतले सगळे काही स्वच्छ दिसत होते: पत्र्याची ट्रंक, तिच्यावर रचलेली अंथरुणे, दुधाचा हिशेब टिपलेले भिंतीवरचे कॅलेंडर, दोरीवर वाळत घातलेले कपडे, आणि उजव्या कोपऱ्यात गॅसचे लाल सिलिंडर. परीक्षक म्हणून आलेले गृहस्थ नवशिक्या हौशी छायाचित्रकारांसाठी कार्यशाळा घेतात. त्यांनी दोन वाक्यांत निकाल दिला. विषय मध्यभागी आला आहे. पार्श्वभूमीत फार गर्दी आहे. मग तिच्याच फोनवर त्यांनी ते छायाचित्र कापून दाखवले. आजी उजव्या बाजूच्या उभ्या रेषेवर सरकली. तिचे पाय गेले, दाराची एक बाही गेली, सिलिंडर गेले. उरलेली खोली फोनमधल्या सोयीने धूसर झाली. "आता बघ," ते म्हणाले. आणि खरोखरच ते छायाचित्र 'चांगले' दिसू लागले. म्हणजे असे की, हे आपण यापूर्वी कुठेतरी पाहिले आहे असे वाटू लागले.

त्या गृहस्थांशी माझे वैर नाही. ते जे शिकले ते प्रामाणिकपणे शिकवतात. माझे भांडण त्या शिकवणीशी आहे, आणि त्याहून अधिक आपल्याशी, म्हणजे साहित्य शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांशी आहे. कवितेच्या बाबतीत असला युक्तिवाद कुणी केला तर आपण त्याला वर्गाबाहेर काढू. छायाचित्राच्या बाबतीत मात्र आपण माना डोलावतो.

ही शिकवण सर्वांना ठाऊक आहे. चौकटीचे दोन आडव्या आणि दोन उभ्या रेषांनी नऊ भाग करा आणि विषय त्या रेषांच्या छेदबिंदूवर आणा. क्षितिज चित्राच्या मधून जाऊ देऊ नका. रस्ता, कुंपण, रेल्वेचे रूळ यांच्या रेषांनी नजर आत न्या. चालणाऱ्या माणसाच्या पुढे जागा सोडा. पार्श्वभूमी साधी ठेवा, जमल्यास धूसर करा. अशा या पाच आज्ञा. शिकायला अर्धा तास पुरतो, आणि त्यांच्या लोकप्रियतेचे बरेचसे रहस्य त्यातच आहे. फोनच्या पडद्यावर ती नऊ घरांची जाळी एक बटण दाबून उमटते. आता तर चौकट कशी धरावी याची सूचना देणारे फोनही निघाले आहेत.

यातली पहिली आज्ञा, 'रूल ऑफ थर्ड्‌स' किंवा तृतीयांशाचा नियम, सर्वांत थोर समजली जाते. तिचे कूळ पाहण्यासारखे आहे. जॉन थॉमस स्मिथ हा इंग्लंडमधला एक कोरीवकाम करणारा चित्रकार. पुढे ब्रिटिश म्युझियमच्या मुद्राचित्रांचा तो रक्षक झाला. त्याने १७९७ साली ग्रामीण दृश्यांच्या चित्रणावर एक पुस्तक काढले, त्यात हा शब्दप्रयोग येतो. म्हणजे छायाचित्राचा जन्म व्हायला अजून काही दशके अवकाश होता. सर जोशुआ रेनॉल्ड्सने असे म्हटले होते की एका चित्रात सारख्या बळाचे दोन प्रकाश असू नयेत; एक प्रधान असावा, दुसरा गौण. स्मिथने हे तत्त्व पुढे ताणले. जमीन आणि आकाश, उजेड आणि सावली, झाडी आणि मोकळी जागा यांची वाटणी निम्मी-निम्मी न करता दोनास एक या प्रमाणात करावी, असे त्याने सुचवले. त्याच्या लेखी तो वस्तुमानांच्या वाटणीचा प्रश्न होता. छेदबिंदूवर माणूस उभा करण्याची भाषा त्यात नाही. शिवाय याहून बरे काही कुणी समजावून देईपर्यंत आपण हेच प्रमाण मानून चालू, असा त्याचा नम्र सूर आहे. सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या त्या विनम्र सूचनेचे आज कार्यशाळांतून वेदवाक्य झाले आहे. (हा नियम म्हणजे सुवर्णगुणोत्तराचेच सोपे रूप, असेही वर ठोकून दिले जाते. सुवर्णगुणोत्तराने रेषा छेदली तर लहान भाग सुमारे ३८.२ टक्के येतो, तृतीयांशाने ३३.३ टक्के. पण शंखशिंपल्यांचे आणि ग्रीक देवळांचे दाखले देण्याची हौस असली की एवढा फरक कोण मोजतो! असो.)

नियमात तथ्य नाही असे मी म्हणत नाही. नवशिक्याच्या हातून होणारी एक नेहमीची चूक त्याने टळते. समुद्रकिनाऱ्यावर उभा राहून तो क्षितिज बरोबर मधून कापतो. वर आकाश निम्मे, खाली पाणी निम्मे, आणि दोहोंपैकी आपल्याला काय पाहायचे होते याचा पत्ता नाही. क्षितिज खाली ओढले की त्याला ढगांबद्दल काही म्हणायचे आहे हे ठरते; वर ढकलले की लाटांबद्दल. तेव्हा हे औषध आहे ते अनिर्णयावरचे. परंतु आपल्याला काय हवे हे ज्याला पक्के ठाऊक आहे त्यालाही तेच पाजायचे काय? निवांत तळ्यात डोंगराचे प्रतिबिंब पडले आहे, खरा डोंगर आणि पाण्यातला डोंगर यांची बरोबरी हेच जर पाहण्याजोगे असेल, तर तेथे क्षितिज मधोमधच हवे. ते तृतीयांशावर नेणारा माणूस नियम पाळतो आणि तळे घालवतो.

चालत्या माणसापुढे जागा सोडण्याचा नियमही तसाच. आँरी कार्तिए-ब्रेसाँचे १९३२ चे पॅरिसच्या साँ-लाझार स्थानकामागचे छायाचित्र बहुतेकांनी पाहिलेले असते. साचलेल्या पाण्यावरून एक माणूस उडी मारतो आहे, टाच पाण्याला टेकायच्या आत चित्र थांबले आहे. हा माणूस चौकटीच्या उजव्या कडेशी आहे आणि उजवीकडेच उडी घेतो आहे. त्याच्या पुढे जागा जवळजवळ नाही. आमच्या परीक्षकांनी याला किती गुण दिले असते? पण पुढची जागा खुंटलेली आहे म्हणूनच ती उडी अटळ वाटते. मागच्या भिंतीवरच्या जाहिरातीतली नर्तिका उलट दिशेने झेप घेते म्हणूनच त्या उडीला जोड मिळते. हा मनुष्य आंद्रे लोत या चित्रकाराकडे रीतसर रचना शिकलेला होता, भूमितीचे त्याला वेड होते. भूमिती त्याच्या डोळ्यात होती, पडद्यावरच्या जाळीत नव्हती.

चौकटीचा आकारही या आज्ञा विचारात घेत नाहीत. ३५ मिलिमीटर फिल्मची चौकट २४ बाय ३६ मिलिमीटर, म्हणजे दोनास तीन; बहुतेक फोनची तीनास चार; जुन्या रोलायफ्लेक्सची ६ बाय ६ सेंटिमीटर, म्हणजे चक्क चौरस. होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांनी स्वातंत्र्याच्या आसपासची दिल्ली टिपली ती पुष्कळशी अशाच चौरस चौकटीत. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्या शिकल्या होत्या. चौरसाच्या चारही बाजू सारखाच ओढा घेतात, त्यामुळे मध्यबिंदू तेथे आपोआप बलवान होतो. आडव्या आयतात जे सुस्त दिसेल ते चौरसात ठाम दिसते. एकच नियम दोन्हींना लावणे म्हणजे ओवीचे माप घेऊन शार्दूलविक्रीडिताला तपासण्यासारखे आहे.

आता आपल्या अंगणात येऊ. नवव्या शतकात काश्मिरात आनंदवर्धनाने दोषांबद्दल एक विचार मांडला, जो आपण काव्यशास्त्राच्या तासाला शिकवतो आणि तासाबरोबरच विसरतो. श्रुतिदुष्टता, म्हणजे कानाला कठोर लागणारी वर्णरचना, हा पूर्वसूरींनी दोष मानला होता. आनंदवर्धन म्हणतो, हा दोष अनित्य आहे. शृंगारात तो टाळावा हे खरे. पण रौद्रात तीच कठोरता रसाला पोषक ठरते. दोष वर्णात नसतो, वर्ण आणि रस यांच्या नात्यात असतो. पुढे अकराव्या शतकात क्षेमेंद्राने औचित्य हेच काव्याचे जीवित म्हणून सांगितले. जे जेथे शोभते ते तेथे गुण, अन्यत्र दोष. छायाचित्राच्या रचनेचा सारा अभ्यासक्रम या दोन वाक्यांवर उभा करता येईल. मध्यभागी ठेवणे हा अनित्य दोष. कललेले क्षितिज हा अनित्य दोष. कडेला अर्धा कापलेला माणूस, पार्श्वभूमीतली गर्दी, चेहऱ्यावरची गडद सावली, सगळे अनित्य. प्रश्न एवढाच विचारायचा की या चित्राला काय म्हणायचे आहे, आणि हे त्याच्या आड येते की त्याला धरून आहे?

मग आजी मध्यभागी उभी होती ती आड येत होती का?

आपल्याकडे समोर, मध्यावर आणि पूर्ण उभे राहण्याला एक अर्थ आहे. विठ्ठल समचरण उभा आहे, कटीवर हात ठेवून, बरोबर गाभाऱ्याच्या मध्यावर. त्याला छेदबिंदूवर सरकवून पाहा. देवघरातली तसबीर सन्मुख असते, कारण दर्शन म्हणजे आपण देवाला पाहणे एवढेच नसते. देवाने आपल्याला पाहणेही त्यात येते. स्टुडिओत जाऊन काढलेले आणि पुढे कधी तरी चंदनाचा हार पडणारे आजोबांचे छायाचित्रही तसेच: खुर्ची मध्यावर, हात गुडघ्यांवर, डोळे समोर. याला आपण भाबडेपणा म्हणतो. पण कॅमेऱ्यासमोर फार क्वचित आलेल्या माणसांनी स्वतःला कसे दाखवावे याचा तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो. त्या मुलीला मी विचारले तेव्हा कळले की आजीने फोटोसाठी आधी पातळ बदलले, पदर सारखा केला, आणि "मी दारात उभी राहते" असे तिनेच सांगितले. म्हणजे रचना आजीची होती. नातीने शहाणपणा केला तो एवढाच की तिने ती मोडली नाही. परीक्षकांनी कापले ते दाराचे लाकूड नव्हते; एका बाईने स्वतःबद्दल केलेले विधान होते, आणि तेही तिला न विचारता.

पाचव्या आज्ञेबद्दल, 'स्वच्छ पार्श्वभूमी'बद्दल, मला सर्वांत अधिक राग आहे. आषाढी वारीची छायाचित्रे घ्या. ज्ञानेश्वरांची पालखी पुण्याहून सासवडला जाताना दिवेघाट चढते, त्या दिवशी घाटाच्या वरच्या अंगाला कॅमेऱ्यांची रांग लागते. वळणाचा रस्ता, त्यावर माणसांचा लोंढा, मध्ये पालखीचा रथ: नजर आत नेणारी रेषा आयतीच मिळते. दुसरे ठरलेले चित्र म्हणजे सुरकुतलेला चेहरा, बुक्का, पांढऱ्या मिशा, मागे सगळे लोण्यासारखे मऊ धूसर. तिसरे, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली बाई, छेदबिंदूवर. वर्षानुवर्षे हीच तीन चित्रे बक्षिसे घेतात. यात वारी कोठे आहे? दिंडीचे सामान वाहणारे ट्रक, पाण्याचे टँकर, ताडपत्रीच्या राहुट्या, उघड्यावर मांडलेल्या चुली, प्लास्टिकच्या कागदाखाली पावसात बसून भाकरी खाणारे कुटुंब, फोडांना मलम लावणारा माणूस, हे सगळे 'गर्दी' म्हणून चौकटीबाहेर गेले. वारकरी कोणत्या गावचा, कोणाबरोबर चालतो, काय खातो, हे सांगणारी प्रत्येक खूण पुसल्यावर जे उरते त्याला भक्तीचे चित्र म्हणतात. पार्श्वभूमी धूसर करण्याने माणूस उठून दिसतो हे तंत्राच्या दृष्टीने खरे. पण ज्याच्यापाशी स्वतःचे म्हणून फारसे काही नाही, त्याच्या चारदोन वस्तू हाच त्याचा इतिहास असतो. ट्रंक, कॅलेंडर आणि सिलिंडर धूसर केले की आजी 'वृद्धत्व' या विषयावरची आकृती होते.

गर्दी रचनेत बसवता येत नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी रघुबीर सिंह (१९४२–१९९९) यांची छायाचित्रे पाहावीत. १९९८ च्या 'रिव्हर ऑफ कलर'मध्ये ती एकत्र मिळतात. कार्तिए-ब्रेसाँला गुरू मानूनही रंगाच्या बाबतीत या माणसाने त्याची वाट धरली नाही. भारत काळ्या-पांढऱ्यात मावत नाही अशी त्यांची धारणा होती. त्यांच्या चौकटीत एकाच वेळी चार-पाच घटना चाललेल्या असतात. कधी खांब, कधी आरशाची कड चित्राच्या मधून उभी जाते आणि दोन्ही बाजूंना दोन वेगळी जगे लागतात. त्यांच्या मृत्यूनंतर २००२ साली आलेल्या 'अ वे इन्टू इंडिया'मध्ये तर अँबॅसडर मोटारीच्या काचा, दारे आणि आरसे यांनीच चौकटीचे तुकडे केले आहेत. नजर एका बिंदूवर ठरत नाही, फिरत राहते. राजस्थानी लघुचित्रातही ती अशीच फिरते. ही रचना नाही असे कोण म्हणेल?

यावर ठरलेले उत्तर येते: "आधी नियम शिका, मग मोडा." ऐकायला समंजस वाटणारे हे वाक्य मला लबाड वाटते. शाळेत निबंधाचे गाइड मुलांना प्रस्तावना, चार मुद्दे आणि एक सुभाषित घालून उपसंहार असा साचा देते. तो साचा पुढे कधी मोडायचा हे गाइडमध्ये लिहिलेले नसते. बी.ए.च्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या कुणालाही विचारा, तो साचा किती जणांनी मोडला. साच्याला गुण मिळतात, म्हणून साचा टिकतो. छायाचित्रणात गुण म्हणजे स्पर्धेतले बक्षीस आणि पडद्यावरचे अंगठे. ज्याला पहिल्याच महिन्यात जाळीबरहुकूम काढलेल्या सूर्यास्तासाठी शाबासकी मिळाली, तो 'मग मोडा'पर्यंत पोहोचतच नाही. पोहोचला तरी मोडण्याचेही साचे तयार असतातच.

नवशिक्याला काहीतरी आधार हवा हे मात्र मान्य करायलाच हवे. नुसते "मनाला येईल ते काढ" म्हणणारा शिक्षक आळशी असतो. मी असतो तर मर्ढेकरांपासून सुरुवात केली असती. 'सौंदर्य आणि साहित्य'मध्ये त्यांनी लयीची तीन तत्त्वे सांगितली: संवाद, विरोध आणि समतोल. कवितेपेक्षाही चित्राला ती अधिक सरळ लागू पडतात. वर्तुळाकार वाटीशेजारी गोल चेहरा हा संवाद. पांढऱ्या भिंतीपुढची काळी छत्री हा विरोध. डावीकडचा मोठा फिका आकार आणि उजवीकडचा छोटा गडद आकार एकमेकांना तोलून धरतात तो समतोल. हे नियम नव्हेत. नात्यांची नावे आहेत. मुलाला 'येथे ठेव' असे न सांगता 'येथे काय काय एकमेकांशी बोलते आहे?' असे त्यांच्या आधारे विचारता येते. (मर्ढेकरांशी माझे पुढे पटत नाही. चित्रातल्या आजीचे आजीपण सौंदर्याच्या हिशेबात न धरण्याकडे त्यांचा कल जातो, आणि मला ते आजीपण सोडवत नाही. पण तो वाद रा. भा. पाटणकरांच्या वाचकांनी आपसात मिटवावा.)

त्यानंतर पायांचा अभ्यास. दोन पावलांवरून टिपलेला चेहरा आणि दूरवरून झूम करून जवळ आणलेला चेहरा सारखे नसतात. जवळच्या-लांबच्या वस्तूंचे परस्परप्रमाण ठरते ते आपण कोठे उभे आहोत यावरून. नुसते भिंग बदलून ते बदलत नाही. बसलेल्या माणसाचे चित्र उभ्याने काढले की तो आपोआप खालचा होतो. गुडघे टेकले की डोळ्याला डोळा भिडतो. ही रचनाच आहे, आणि नऊ घरांच्या जाळीत ती दिसत नाही. मग कडा. नवशिका मध्यभागाकडे पाहतो आणि चित्र बिघडते कडेला: कुणाचे अर्धे कोपर, डोक्यातून उगवलेला विजेचा खांब. बटण दाबण्यापूर्वी चारही कडांवरून एकदा नजर फिरवायची सवय लावली तर अर्धे काम होते. कडेला जे आले ते ठेवायचे की नाही हे मग ज्याचे त्याने ठरवावे, पण ठरवावे. आणि शेवटी थांबणे. एकाच दाराची, एकाच जागेवरून, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी दहा चित्रे काढायला लावा. त्यांतली दोन निवडून का निवडली हे एक पानभर लिहायला लावा. साहित्याच्या विद्यार्थ्याला हे जड जाऊ नये. कवितेची दोन पाठांतरे समोर ठेवून आपण त्याच्याकडून हेच करून घेतो.

त्या मुलीने कापलेले छायाचित्र घरी नेऊन आजीला दाखवले. आजीने बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, "पाय कुठं गेले माझे? आणि ते सिलिंडर गं? माझ्या नावावर आहे ते." मुलीने हे मला हसत हसत सांगितले. मी विचारले, "मग पुढच्या स्पर्धेला कोणतं पाठवणार आहेस?" ती थोडी घुटमळली. "सर, कापलेलंच पाठवते. परीक्षक तेच मागतात."

तिने तसेच केले. त्याला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले.